घडी पडलेले फॉर्म आणि काकींचं नाव

४ फेब्रुवारी
पेटंट अर्जाच्या तपासणीचा रिपोर्ट आला एकदाचा. नऊ पानं. अर्ज फेटाळलेला नाही, मान्यही नाही. मुख्य हरकती दोन. एक, हा नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आहे आणि नुसत्या प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. दोन, भरलेल्या फॉर्मचा फोटो कुठल्या कोऱ्या नमुन्याशी जुळतो हे शोधणं जुनंच आहे, तुमचं नवीन काय? सोबत दोन जुनी पेटंटं जोडलीत. उत्तराला सहा महिने.
सर केबिनमधून ओरडले, "एवढं थांबवून हे विचारतात? वाट लागली ना!"
खरं तर मला बरं वाटलं. माझी चाळीस पानं कुणीतरी शेवटपर्यंत वाचली. सरांनीसुद्धा वाचली नव्हती. चौथ्या आकृतीतला एक बाण उलटा पडलाय, तोही पकडलाय त्या तपासनीसाने. कोण माणूस असेल.

७ फेब्रुवारी
दुपारी ब्लांश मॅडमकडे. पेटंट एजंट म्हणून सरांनी त्यांना निवडलं ते आपल्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर म्हणून, पण नशीबच म्हणायचं. मरोळ गावठाणात घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. मागून व्हिनेगरचा वास येत होता, लोणचं चाललं होतं.
"तोंड का पाडलंस गं? हरकत म्हणजे प्रश्न. प्रश्नाला उत्तर द्यायचं, बस."
गृहपाठ दिला. आपल्या प्रोग्रामच्या सगळ्या पायऱ्या एका रांगेत लिहायच्या, शेजारी त्या दोन जुन्या पेटंटांच्या. "जी पायरी त्या दोघांत नाही ती तुझी. तीच घेऊन ये माझ्याकडे."

१६ फेब्रुवारी, रवि.
सकाळपासून तक्ता. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार.
अकरा पायऱ्या. फोटो सरळ करणं, दोघांत आहे. हाताने लिहिलेलं सोडून फक्त छापलेलं बघणं, पहिल्यात आहे. रेघांचे चौकोन मोजणं, दुसऱ्यात. एकेक करत सगळ्यांवर फुली पडत गेली. शेवटी उरली सातवी.
सातवी पायरी: फॉर्मला घडी पडली असेल तर घडीवर कागदाचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळा सरळ करायचा, वेगळा जुळवायचा, आणि मग दोघांचा कौल एकत्र घ्यायचा. बाकीचे सगळे घडीला डाग समजून पुसायला बघतात. आम्ही घडीला धरून चालतो. म्हणून आमचं चालतं. हॉस्पिटलचे क्लेम फॉर्म लोक खिशातून, पिशवीतून आणतात. बिनघडीचा फॉर्म मी आजवर पाहिला नाही.
आनंद व्हायला हवा होता.
ही पायरी माझी नाही.

१७ फेब्रुवारी
लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःलाच फिरवून सांगायला नको.
आमच्या ऑफिसात सॉर्टिंगला गावडे काकी होत्या. सुलोचना गावडे. एकोणीस वर्षं. शेकडो प्रकारचे फॉर्म, काकी पत्ते वाटल्यासारखे वेगळे करायच्या. माझा प्रोग्राम घडीच्या फॉर्मवर अडकला होता, महिनाभर. एकदा डबा खाताना मी वैतागून विचारलं, तुम्ही कसं ओळखता हो? काकींनी एक फॉर्म उचलला. "ह्यो एक कागद नाय गो. घडयेच्या वर एक, घडयेच्या खाली एक. दोगांका येगळा इचारूचा." मी तशीच उठले, अर्धा डबा टाकून. चार दिवसांत प्रोग्राम चालला.
अर्ज करताना सरांनी विचारलं, कुणी बनवलं? मी म्हटलं, मी. खोटं नव्हतं, प्रत्येक ओळ मी लिहिली. पण संशोधक म्हणून एकच नाव गेलं.
आणि प्रोग्राम लागला तसं सॉर्टिंग बंद झालं. पाच बायका. काकी त्यातल्या एक.

२१ फेब्रुवारी
ब्लांश मॅडमना सगळं सांगितलं. चष्मा काढून ऐकत होत्या. मला वाटलं ओरडतील.
"पेटंट मिळायच्या आधी नाव घालता येतं. अर्ज असतो त्याचा. तू कबूल केलं पाहिजेस, त्या बाईने सही केली पाहिजे, हक्क कंपनीला दिल्याचा कागद दिला पाहिजे. तुझ्या सरांना सांग आधी. आणि ऐक, आता नाही सांगितलंस तर जी पायरी घेऊन आपण भांडणार तीच उद्या आपल्या पायात येईल."
निघताना हातात लोणच्याची बाटली दिली.

२४ फेब्रुवारी
सर: "आता? आधी का नाही घातलं असं विचारतील. आणि ती बाई केस करेल आपल्यावर."
मी: "करतील किंवा नाही करणार. पण सातवी पायरी त्यांची आहे."
सर: "कुणाला माहितीये?"
मी: "मला."
सरांनी फोन घेतला.

१९ मार्च
अजून काकींकडे गेले नाही. काकी भांडुपातच राहतात, टेकडीच्या बाजूला, आमच्या घरापासून पंधरा मिनिटं. त्यांची नोकरी गेल्यापासून मी एकदाही गेले नाही. आता काय तोंडाने...

१४ एप्रिल
सकाळी विहारात वंदना, मग आईबरोबर मिरवणूक बघितली. आई निळ्या काठाच्या साडीत. परतताना रसवंतीवर बसलो तेव्हा तिला सांगून टाकलं.
आईने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या मार्कशीटवर आईचं नाव छापून आलं ना, तेव्हा मी तीनदा वाचलं होतं. तू बघत होतीस पर्सेंटेज. मी माझं नाव बघत होते."
मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत बोलली नाही कधी.
"जा उद्या," म्हणाली. "मी येऊ सोबत?"

१५ एप्रिल
एकटीच गेले. ऑफिस सुटल्यावर, उजेड होता अजून.
काकी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक झाल्यात. "प्रज्ञा? खय गेल्लंस इतकी वर्सां? बस मगे." मला वाटलं होतं तसं काही नाही, सरळ आत घेतलं. पाणी, मग सोलकढी.
मी सगळं सांगितलं. पेटंट म्हणजे काय, सातवी पायरी, त्या दिवशीचा डबा. मधेमधे अडखळत. काकी निवडत राहिल्या. शेवटी हात थांबला.
"म्हंजे त्या मशिनीक माजाच डोक्या घातलंस?"
"हो काकी."
"आणि त्या मशिनीन माका घराक धाडल्यान."
"हो."
"म्हंजे मीच माका घराक धाडलंय."
काकी सुपाकडे बघत होत्या. मग एकदम हसल्या, पण ते हसू बघवेना. मी रडले. त्या नाही रडल्या.
"सही बिही आता नाय. माका समाजला पायजे, मी कित्यावर सही करतंय ता."
जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

२७ एप्रिल, रवि.
काकींचा फोन, स्वतःहून. "तो तुजो कागद घेवन ये. मराठीत वाचून दाखव. सगळो."
चाळीस पानं वाचून दाखवली. इंग्रजीतून मराठी करत करत. काकी मधे मधे थांबवत होत्या. चौथ्या आकृतीवर म्हणाल्या, "हो बाण उलटो." मी उडालेच. तपासनीसाने पकडलेला तोच.
आणि एक गोष्ट. मी लिहिलंय की घडी मधोमध असते. काकी म्हणाल्या मधोमध कधीच नसते, माणूस खिशाच्या मापाने घडी घालतो. पुरुषांच्या शर्टाच्या खिशातला कागद वेगळा, बाईच्या पर्समधला वेगळा. प्रोग्राम घडी शोधूनच काढतो, त्यामुळे चालतो. पण का चालतो हे आज कळलं.
सही झाली. "सुलोचना महादेव गावडे", सावकाश, पूर्ण.
म्हणाल्या, "राग गेलो असा समजा नको हां. पण सांगूक इलंस, ता बरा केलंस."
इतकं पुष्कळ आहे मला.

५ मे
सरांसमोर कागद ठेवले. वाचले. दोनदा. मग विचारलं, "चाळीस पानं ऐकली त्यांनी?" मी हो म्हटलं. सरांनी पेन काढलं, सही केली. वर म्हणाले, "मी अजून वाचली नाहीत गं." पहिल्यांदाच शरमले असतील माझ्यासमोर. आणि शेवटी हळूच, "चुकलं आपलं."
आपलं म्हणाले. तुझं नाही म्हणाले.

२२ जुलै
उत्तर दाखल. ब्लांश मॅडमनी सातव्या पायरीवर दोन पानं लिहिलीत. बाण सुलटा केला. नाव घालायचा अर्ज सोबत. मॅडमनी आज केक खाऊ घातला, स्वतः केलेला.

२३ ऑगस्ट
काकी गणपतीला गावी निघाल्या. मला काळजी, मधेच सुनावणी लागली तर? मॅडम म्हणतात, इतक्या लवकर नाही लागत. काकी म्हणाल्या, "लागली तर त्यांका सांग, गणपती आसत." बरं.

३० ऑक्टोबर
सुनावणीची नोटीस. १८ नोव्हेंबर, व्हिडिओवर. प्रोग्रामची हरकत अजून उभी आहे, नवेपणाचीही. नावाच्या अर्जावरही विचारणार.

१८ नोव्हेंबर
झाली.
ब्लांश मॅडमच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघी एका लॅपटॉपसमोर. सर ऑफिसातून. काकी अबोलीचा गजरा माळून आलेल्या, वीस मिनिटं आधी.
समोर अधिकारी, पन्नाशीचे, शांत. मॅडम पहिली पंधरा मिनिटं बोलल्या. कायदा, निकाल, तांत्रिक परिणाम. साहेब लिहून घेत होते, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग म्हणाले, पहिल्या जुन्या पेटंटात फॉर्मचे तुकडे करतातच की. मग घडीवर करणं हे कुणालाही सुचेल.
मॅडम उत्तर द्यायला लागल्या. साहेबांनी विचारलं, संशोधक हजर आहेत का?
मी म्हटलं, दोघी आहोत.
साहेब काकींकडे वळले, हिंदीत विचारलं. हे तुम्हाला कसं सुचलं?
काकींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, घडी घातली, उलगडला, कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, साहेब, देखो, घडी के ऊपर का हिस्सा इधर झुकता है, नीचे का उधर. पूरा कागज सीधा करने जाओ तो एक सीधा होता, दूसरा टेढा. और कहीं भी काटो तो भी वही. घडी पे ही काटना पडता है. क्योंकि टेढा वहीं से होता है.
साहेबांनी विचारलं, कुठल्याही दुसऱ्या ठिकाणी तुकडे केले तर चुका वाढतात याची चाचणी आहे का? माझ्याकडे होती! तीन वर्षांपूर्वी केली होती, अर्जात घातली नव्हती, महत्त्वाची वाटली नव्हती. मी म्हटलं आहे. साहेब म्हणाले, लेखी म्हणण्यासोबत द्या, पंधरा दिवसांत. अर्जाबाहेरचं किती धरता येईल ते मी बघेन, आत्ता काही सांगत नाही.
शेवटी त्यांनी काकींना नाव विचारलं, नोंदीसाठी. काकींनी पूर्ण सांगितलं. साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, "सही है?" विचारलं. काकी म्हणाल्या, "हां, बराबर."
स्क्रीन बंद झाल्यावर ब्लांश मॅडमनी काकींचे दोन्ही हात धरले. आम्ही लेमन टी प्यालो. सरांचा मेसेज: काकींना माझा नमस्कार सांग.
मंजूर होईल की नाही, ठाऊक नाही. साहेबांनी प्रश्न नीट विचारला, आणि योग्य माणसाला विचारला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. निकाल काहीही लागो.

१ डिसेंबर
लेखी म्हणणं गेलं. चाचणीचे आकडे काकींसोबत बसून तपासले. त्यांनी दोन फॉर्म चुकीच्या गठ्ठ्यात गेलेले काढले. त्यामुळे आमचाच निकाल थोडा खाली आला. तसाच दिला.

१२ जानेवारी
आदेश नाही. वेबसाइटवर रोज तेच. मॅडम म्हणतात महिने लागू शकतात, रोज बघू नकोस. बघते.
आई बघते आता, माझ्याआधी. फोनवर शिकून घेतलंय तिने.

२ फेब्रुवारी
नवीन कटकट. एका हॉस्पिटलने फॉर्म बदललेत, कागद पातळ, मागची छपाई पुढे दिसते. प्रोग्राम एकही जुळवत नाही. सरांनी विचारलं, "गावडेबाई येतील का? सल्लागार म्हणून, रीतसर, पत्र देऊन." मी म्हटलं विचारते. काकींनी तीन दिवस घेतले, मग हो म्हणाल्या. बाकीच्या चौघींचं काय, हेही विचारलं सरांना, तोंडावर. सर म्हणाले बघतो. काकी म्हणाल्या, "बघा. मी इचारीत रवतलंय."
आज आल्या. जुन्या जागी नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पातळ फॉर्मांचा गठ्ठा समोर घेतला. एकेक उचलून खिडकीकडे धरत होत्या, उलटा, सुलटा. मी अर्ध्या तासाने न राहवून विचारलं, काही दिसतंय का?
मान वर केली नाही.
"बोला नको. माका वायच येळ दी."