जरा लक्ष ठेवा

गुरुवार, सकाळी

पोचले एकदाची! एकटीने बेट बघायला जाणार म्हटल्यावर धाकट्या जावेने डोळे असे विस्फारले, जणू मी बेट विकतच घ्यायला निघालेय. निवृत्त बाईने घरी बसून शेंगा सोलाव्यात, असं तिचं मत. सोल म्हणावं तूच. होडीतून मी एकटीच उतरले. पांढरी वाळू, बदामाची झाडं, पाणी असं नितळ की पायाची नखं दिसावीत. संध्याकाळच्या होडीने परतायचंय. लेकीला सातवा लागलाय, तिला उद्या माहेरी आणायची आहे. तोवर आजचा दिवस माझा!

गुरुवार, दुपारी

माणसं गोड आहेत. जरा जास्तच गोड. चहावाला, सायकलवाला, शहाळीवाली, सगळ्यांचा एकच प्रश्न: एकट्याच का? घरी कोण वाट बघतंय? आणि प्रत्येकाने, जरा लक्ष ठेवा हं, आलोच, म्हणत मला आपल्या दुकानावर बसवलं. लगेच परतलेही. पण परतल्यावर असं निरखलं, जणू भात शिजला का म्हणून शीत चाचपताहेत.

माझं आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात गेलं. नाकावरून मूल कुणाचं ते सांगते मी. इथे एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही. रस्त्यात एक पोर नाही, दोरीवर एक दुपटं नाही. सायकलवाल्याच्या पायात डोंगर चढायचे बूट, टाचा पार झिजलेल्या. चहावाल्याच्या गळ्यात कॅमेरा. फोटो काढता का, विचारलं. म्हणाला, मीही एका दिवसासाठीच आलो होतो, आणि खो खो हसला. मला नाही आलं हसू. पाणी कुठेतरी मुरतंय.

गुरुवार, संध्याकाळी

फसले.

धक्क्यावर होडीची वाट बघत होते. तिथे टोप्यांचं दुकान आहे. त्यातली बाई, या उकाड्यात अंगात लोकरी कोट, पोट धरून आली. म्हणाली, मावशी, कळ आलीय हो, जरा बसता का दुकानावर? आता कुणाचं ऐकायचं नाही, असं दुपारीच ठरवलं होतं. पण कळ म्हटल्यावर मी पाघळले. खुर्चीत बसले. होडी लागली आणि ही बया मागच्या दाराने निघून ताठ मानेने होडीत चढली.

तेव्हाच पळायला हवं होतं. कळत होतं मला. पण पुढच्या पाळीची सिस्टर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे इतक्या वर्षांत अंगात भिनलंय. क्षणभर घुटमळले. तेवढ्यात होडी सुटली.

शुक्रवार

होडी दिसताच धावले. होडीवाला म्हणाला, जागा सोडून आलेल्याला मी नेत नाही. बदली माणूस बसवा, मग या. मागे वळले तर सगळे रस्त्यावर उभे. कुणी हात लावला नाही. फक्त विचारत राहिले, ताई, दुकान उघडं टाकून कुठे निघालात? अगदी मायेने.

शहाळीवाली म्हणाली, सोपं असतं, एकटं कुणी उतरलं की विचारायचं. मी म्हटलं, मेले तरी विचारणार नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात.

मंगळवार

एक म्हातारा उतरला. एकटा. मी तोंडात पदर कोंबून बसले. चहावाल्याने त्याला बसवलं. चहावाला गेला. म्हातारा किटलीपाशी रडतोय —

सांगायला हवं होतं त्याला. नाही सांगितलं. का नाही —

लेकीला आणायचं राहिलं.

बुधवार

होडीत एकच बाई. पोट पुढे, हात कमरेवर. ती चाल —

नाही. देवा, ती नको.

उतरू नको, परत फिर, असं ओरडायचंय. तिने मला पाहिलंय. या अवस्थेत धावतेय. सगळे आपापल्या दारात. हसताहेत.

आली. घामाघूम. रडतेय, मला रागावतेय. म्हणते, आई, किती वाळलीस गं, ऊठ तू, मी बसते जरा —

खुर्ची घट्ट धरलीय. होडी अजून धक्क्याला आहे. सोडायची नाही. काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही. पण हे पाय, माझेच पाय, मला न विचारता —