सरकलेली तारीख

शिरड शहापूर
२२ जून २००६

दादा,
शीतलचा जय भीम. आमी दोघी बऱ्या आहोत, तू बी वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोन करत न्हाई म्हणून रागावू नको. तू "बोल शीतू" म्हणलास की मला रडू येतं, अन् बूथवाला कान लावून बसतो.

आईचा गुडघा आता बरा हाये. जळबाकाकाची म्हैस व्याली. तुमचं दवाखान्याचं सॉफ्टवेअर धोक्यातून सुखरूप बाहेर पडलं, कोणाचं काही चोरीला गेलं न्हाई, हे तुझ्या पत्रातून कळलं. बरं वाटलं, खरंच.

पण काय रे बाबा ते काम! सॉफ्टवेअर तुमचं, त्यातला एक तुकडा परक्यांनी बनवलेला, भोक त्या तुकड्यात, अन् ते बुजवायचं त्यांनीच. तोवर तुमी थांबायचं, अन् कोणाला सांगायचं बी न्हाई, चोराला वाट कळंल म्हणून. त्यांची तारीख सरकली की तुझी सुट्टी सरकायची, तुझी सुट्टी सरकली की माझ्या लग्नाची तारीख.

आपण मुहूर्त पाहत न्हाई, तारीख बदलायला काय लागतं, असं मीच हसून म्हणले होते. जयंतीनंतरची तारीख पौर्णिमेवर गेली, पौर्णिमेची पेरणीच्या तोंडावर. बाबा गेल्यावर तूच मला शिकवलंस. दादा समोर नसताना हार घालणार न्हाई, म्हणून अडून बसले ती बी मीच.

तिसऱ्यांदा निरोप गेला तवा प्रमोद स्वतः आला. म्हणाला, "घरचे म्हणून राहिले, पोरीकडचे काहीतरी लपवतात. खरं कारण सांग शीतल, मी त्यांना समजावतो." पार ओठावर आलं होतं रे. हिंगोलीत कॉम्प्युटर शिकवतो तो, एका वाक्यात समजलं असतं त्याला. पण तू शपथ घातली होतीस. मी म्हणले, "दादाचं काम हाये." तो चहा न पिताच उठला.

मागच्या रविवारी त्याचं लग्न झालं. पोरगी वसमतची हाये. तुला कळवू नको म्हणाली आई, पोराचं कामात लक्ष लागणार न्हाई. आता काम झालं, म्हणून लिहिते.

मला तो लई आवडायचा, दादा. हे बी कोणाला सांगितलं न्हाई.

तुझ्यावर राग न्हाई. कोणावर काढू तेच कळंना. त्या परक्या लोकांचं नाव बी मला माहीत न्हाई.

सुट्टीसाठी कोणती तारीख धरू म्हणून विचारलंस. कोणती बी धर. लग्नासाठी केलेल्या शेवयांचे डबे भरलेले हायेत, तू आलास की दूध-साखर घालून देईन. आईपुढं तेवढा विषय काढू नको.

त्या भोकाचं आता सगळ्यांना जाहीर झालं, असं लिहिलंस. म्हणजे माझी शपथ सुटली. पण आता कोणाला जाऊन सांगू, दादा?

शब्द पाळलेली तुझी,
शीतल