दारावरची अक्षरं

अमळनेर
९ जानेवारी १९६९

प्रिय अक्का,

तुम्हाला धुळ्याला पोचवून निंबाभाऊजी परवा परत आले. वाटेत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत म्हणाले. ह्यांचं सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी तुम्ही न जेवता गेलात ते माझ्यामुळे, हे मला ठाऊक आहे.

ह्यांनी शेवटी शेवटी एक नाद घेतला होता. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता एखादा शब्द धरायचा आणि त्याचं मूळ शोधत बसायचं. त्यासाठी कॉलेजातून जाडजूड कोश आणला होता, तो मी काल परत पाठवला. दिवाळीनंतर 'डोअर' धरला. पुढच्या दारावरच खडूने लिहीत गेले. वर संस्कृत द्वार, खाली फारसी दर, मग ग्रीक थुरा, जुन्या इंग्रजीतला दुरु, तळाशी डोअर. म्हणाले, दुरुचा मुलगा डोअर सोडला तर यातला कुणी कुणाचा बाप नाही, सगळी एका आईची लेकरं. ती आई इतकी जुनी की तिचं लिहिलेलं एक अक्षर उरलं नाही. मला त्यातलं थोडंच कळे. मी रागावले, लक्ष्मी येते त्या दारावर कसला खडू फासता? तर म्हणाले, "मग लक्ष्मी काय अंगठेबहाद्दर आहे? वाचू दे की तिलाही."

तुम्ही आलात तेव्हा द्वारदर्शनाला, सांत्वनाला आलेल्या बायकांनी घर भरलं होतं. आपल्यात येणारी गळ्यात पडते आणि घरातलीने तिच्याबरोबर मोठ्याने रडायचं असतं. मला पहिल्या दिवसापासून रडू येत नव्हतं. डोळ्यांना पदर लावून बसत होते. तुम्ही गळ्यात पडलात, आणि तुमच्या खांद्यावरून मला ते उघडं दार दिसलं, त्यावरचं त्यांचं अक्षर दिसलं. लक्ष्मीबद्दलचं त्यांचं ते बोलणं आठवलं आणि मला हसू फुटलं. तुम्ही मान वर केलीत. "मना भाऊ गया, नि तू हासी राहिनी!" सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? मेलेल्या नवऱ्याच्या विनोदाला हसले म्हणून? आता नळावर गेले की बोलणं थांबतं. मान खाली घालून हंडा भरते आणि येते.

अक्का, मला अजून रडू आलेलं नाही, आणि त्याची लाज हसण्यापेक्षा जास्त वाटते. त्यांना लहानपणापासून पाहिलेलं तुमच्याइतकं कुणी नाही. म्हणून लिहिते आहे, एकदा पुन्हा या. बायकांच्या गर्दीत नको, दुपारी मी एकटी असते तेव्हा या. मला तसंच धरा. पुन्हा हसू आलं तरी सोडू नका. बहुतेक त्याच्यामागूनच रडू येईल.

तुमचीच,
सुनंदा