पन्नास अधिक वीस

मी, बॅगांच्या दुकानाची अर्धी मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, गुडघे वगळता शरीराने धड आणि डोक्याने पूर्ण शाबूत, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या मुलीला. चामडे शिवायचे मशीनही तिलाच. विकले तरी हरकत नाही.

२. दुकानातील माझा अर्धा भाग. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. यजमान गेल्यावर दुकान मी आणि दीर मिळून चालवत होतो. एका सेलला दिरांनी पाटी लावली, ‘५०% + २०% सूट’.

मी म्हटले, "भाऊजी, लोक सत्तर टक्के समजतील. दोन हजारांची बॅग आधी हजारावर येते. पुढचे वीस टक्के त्या हजारावर, म्हणजे दोनशे. बॅग पडली आठशेला. सूट साठच टक्के."

"मग खोटं काय लिहिलंय, वहिनी?"

दुसऱ्याच दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी शिकायला परगावी निघालेली. तिने हौसेने दोन हजारांची बॅग निवडली, आईने सत्तर टक्के सूट धरून सहाशे काढून ठेवले. दीर म्हणाले, "आठशे." वर सगळ्यांसमोर, "हिशेब येत नसेल तर सेलला येऊ नये." मुलीने बॅग गुपचूप जागेवर ठेवली. मी ती उचलून रस्त्यात त्यांच्यामागे धावले आणि सहाशेलाच दिली.

त्यावरून जुंपली. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली, बोलणे बंद झाले. माझ्या पाटीवर शेवटची किंमत असे. गर्दी मात्र त्यांच्याकडे असे, हेही नमूद करते.

गेल्या वर्षी मी शिडीवरून पडले. आवाज ऐकून पलीकडून पहिले दीरच धावत आले. ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्यातून हलले नाहीत. मी शुद्धीवर येताच म्हणाले, "वहिनी, साठच होते."

"माहीत आहे. पाणी द्या," मी म्हटले.

सबब, माझा भाग दिरांना द्यावा. पाटीवर शेवटची किंमत लिहावी, ही विनंती. अट घालत नाही.

३. ज्याला मिळायचे त्याने साक्षीला राहू नये, असे वकील सांगतात. म्हणून मला हात धरून जिना चढवणारे दीर बाहेर बाकावर बसले आहेत. आत काय लिहिले जाते आहे, त्यांना ठाऊक नाही. आत्ताच दार किलकिले करून विचारून गेले, "वहिनी, दमलात का? चहा सांगू?"

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले (सही) २. दवाखान्यातील नर्सबाई (सही)
करून देणार: वहिनी (सही)
ठिकाण: वकिलांची खोली, दुसरा मजला
दिनांक: शिक्क्यावर आहे तो