सबर करो, खाला

भाद्रपद, शुक्रवार. दिवेलागण.

हे म्हणतात, सबर म्हणजे धीरच, तू काही वावगं बोलली नाहीस. हे उर्दूत शिकलेले, यांना अर्थ ठाऊक. पण खालाचा हात थांबलेला मी पाहिलाय.

शेजारच्या या खालाचा एकुलता युसूफ पोलीस ॲक्शनच्या आधी कामाला म्हणून गंगापूरला गेला, तो परत आलाच नाही. वर्ष होत आलं. आज ती पुन्हा हर्सूलच्या जेलवर, धरून नेलेल्यांत तो आहे का, विचारून आली. तिथंही त्याचं नाव नाही.

मी गेले तेव्हा ओट्यावर गवार मोडत बसली होती. तिच्याच बोलीत समजूत घालावी म्हणून म्हटलं, "सबर करो, खाला."

तिचा हात थांबला.

"सबर मरे सो लोगां का करते, बेटी. मेरा युसूफ मरा नै."

अख्ख्या गल्लीनं जे वर्षभर ओठावर येऊ दिलं नाही, ते मी बोलून बसले. ती रागावली असती तरी चाललं असतं. नुसता हात थांबला.

"मग मी काय म्हणू?" मला रडूच आलं.

हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "कब आएगा, पूछ."

मी विचारलं, "युसूफभाई कब आएगा, खाला?"

"आएगा. ईद को आएगा," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.