दुसऱ्या दिवसाची सही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. माझं पत्र बघून आधी तू घाबरली असशील, म्हणून सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र का, ते पुढे कळेलच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसायला निमित्तच शोधत असते.

चिमणीचा दात पडला का? पडला असेल तर तिला म्हणावं, मावशीचेही आता दोन हलायला लागलेत.

इकडची बातमी म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या, टाक्यांवर काम करणाऱ्या कामगारांसाठीच्या सुरक्षा प्रशिक्षणाला सरकारने आणखी तीन वर्षांचं अनुदान मंजूर केलं. मागच्या आठवड्यात पाहणीला तिघे अधिकारी आले होते. आम्ही अंगणातल्या लोखंडी टाकीतून 'मामा'ला दोरीने वर काढून दाखवला. मामा म्हणजे वाळू भरलेला, बॉयलर सूट घातलेला पुतळा. कामगारांनीच त्याचं बारसं केलंय. दोरी नेहमी मी ओढते. यंदा अर्ध्यावर माझे हात थांबले आणि दुसऱ्या कुणीतरी ती पकडली. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे आकडेशास्त्री म्हणतो, ते पाहुण्यांना म्हणाले, "मॅडम दमल्यात, वर्षभर राबल्यात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

रविवारी तू फोनवर भाऊजींच्या वतीने माझी माफी मागितलीस. "तू एवढा जीव तोडून शिकवतेस, आणि यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. तुझं नाव खराब केलं गं," असं म्हणालीस. त्यावर मी काय म्हटलं आठवतं? "जाऊ दे ताई, होतं असं." ते वाक्य बोलल्यापासून मी हे पत्र मनात लिहितेय.

आमच्या हजेरीच्या कागदाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं. पहिला दिवस वर्गात, दुसरा टाकीवर. दोन्ही दिवसांच्या सह्या लागतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात ग्रीसने माखलेले असतात, त्यामुळे एकदा काळ्या ठशांनी भरलेला कागद सरकारी कचेरीतून परत आला. 'अस्वच्छ, पुन्हा सादर करावा.' पांगलेली माणसं पुन्हा गोळा करताना माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मी एक सोय करून ठेवली. पहिल्या दिवशी सकाळी, हात स्वच्छ असतानाच, दोन्ही दिवसांच्या सह्या घेऊन टाकायच्या. आकडेशास्त्रींनी माझी पाठ थोपटली होती. सोय माझी होती, ताई. दुसऱ्या कुणाची नाही.

जानेवारीत मी तुला फोन केला होता, भाऊजींना पाठव म्हणून. एका तुकडीत चाळीस जण लागतात, एकोणचाळीस झाले तर सरकार ती तुकडी धरतच नाही. चाळिसावा माणूस मिळत नव्हता. भाऊजी म्हणत होते, "मी वीस वर्षं टाक्याच धुतोय, मला काय शिकवणार?" पण आले. येताच सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकोचं एक वेळ टाळता येतं, मेव्हणीचं नाही." पहिल्या बाकावर बसले आणि दुपारी तिथेच झोपले. मी खडू मारून उठवलं.

ताई, दुसऱ्या दिवशीचं लिहायचं आहे. जरा थांबते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

परवा 'जरा' म्हटलं आणि दोन दिवस गेले. आता लिहितेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भाऊजी बॉयलर सूट कमरेपर्यंत चढवून उभे होते. तेवढ्यात कागद कारखान्यातून त्यांच्या मुकादमाचा फोन आला, मशीनवर माणूस कमी आहे, ताबडतोब ये. ते माझ्याकडे आले. "काय करू? जाऊ का? टाकीचं तेवढं राहतंय." मी यादीवर खुणा करत होते. मान वर न करता म्हटलं, "जा हो भाऊजी. सही आहेच तुमची."

त्यांनी सूट काढला, नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. दारातून वळून विचारलं, "पुढच्या तुकडीत येऊन करू का?" मी म्हटलं, "बघू." नंतर कधी बोलावलं नाही. आठ दिवसांनी प्रमाणपत्र मात्र वेळेवर पाठवलं. तूच ते चौकट करून भिंतीवर लावलंस.

त्या दिवशी बाकीचे एकोणचाळीस जण काय शिकले, ते ऐक. टाकीत उतरण्याआधी वायू मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडायचं आणि काटा बघायचा. कमरेला दोरी बांधायची. टाकीच्या तोंडाशी एक माणूस, जो काही झालं तरी जागा सोडणार नाही. आणि शेवटी मी खोटी मुकादम बनते, प्रत्येकाच्या अंगावर ओरडते, "उतर लवकर!" आणि त्याने माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचं असतं, "आधी मोजणार, मग उतरणार." दांडगी माणसंही त्यात अडखळतात, कुणाला दहा-दहा वेळा म्हणावं लागतं. भाऊजी पहिल्या फटक्यात म्हणाले असते, वर माझी नक्कलही केली असती.

वीस वर्षं ते टाक्या वरून पाइपने धुवायचे, आत उतरायला बाहेरची माणसं यायची. जूनमध्ये मुकादमाने प्रमाणपत्र बघितलं आणि म्हणाला, आता आपलाच माणूस शिकलेला आहे, बाहेरचे कशाला? म्हणून ते सडलेल्या लगद्याच्या टाकीत उतरले आणि आतल्या वायूने गुदमरून पडले. ताई, माझ्या कागदाने त्यांना आत पाठवलं. कागद नसता तर ते आजही वर उभे राहून पाइप धरत असते.

आणि हे भाऊजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दवाखान्यात तू चहा आणायला खाली गेलीस तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "हजेरीचं... कुणाला बोलू नको. तुझी नोकरी..." मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. तू चहा घेऊन आलीस आणि मी तो प्यायले.

त्यानंतर चार महिने तू माझ्यादेखत त्यांना बोलतेस. त्यांच्या थरथरत्या हातांना शर्टाची बटणं लागत नाहीत, तू लावून देतेस आणि म्हणतेस, "शिकवलेलं पाळलं असतं तर ही वेळ आली असती का?" ते माझ्याकडे बघून हसतात. चिमणीने शाळेत सांगितलं, बाबांनी मावशीचं ऐकलं नाही म्हणून ते आजारी पडले. कारखानाही चौकशीत तेच सांगतोय, शिकलेला माणूस, स्वतःच्या हलगर्जीपणाने पडला, आमची जबाबदारी नाही. पुरावा म्हणून माझ्या सहीचं प्रमाणपत्र जोडलंय. सोमवारी चौकशीची शेवटची तारीख आहे.

काल मी आकडेशास्त्रींना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "एका सहीपायी अनुदान गेलं, तर दरवर्षी हजार कामगार शिकायचे राहतील. त्यातला एखादा मेला तर तो कुणाच्या माथी?" माणूस वाईट नाही गं. त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण मला इतकंच दिसतं की तुझ्या घरात एक माणूस रोज माझ्यासाठी खोटा ठरतोय आणि हसतोय.

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब देऊन आले. शिक्का मारून पोच घेतली, म्हणजे मागे फिरायला जागा नको. नक्कल सोबत जोडली आहे. उद्यापासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय, पुढचं पुढे. निघण्याआधी एक केलं, येत्या तुकडीसाठी हजेरीचे दोन वेगळे कागद काढून ठेवले. दुसऱ्या दिवसाच्या कागदावर काळे ठसे पडले तर पडू देत.

माफ कर म्हणत नाही. तेवढं तोंड मला उरलं नाही. फक्त चिमणीला खरं काय ते सांग, तिच्या भाषेत, पण आजच. आणि भाऊजींना सांग, मी 'बरं' म्हटलं होतं ते मोडलं. ते चिडतील. चिडायला दम लागतो, म्हणून हळू चिडा म्हणावं.

ते शिकून विसरले नाहीत, ताई. त्यांना ते कुणी शिकवलंच नव्हतं. हे पत्र वाचून झालं की आधी त्यांच्याजवळ जा. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी फोन उचलेन.

तुझी धाकटी,
आणि त्या दिवशीची त्यांची शिक्षिका