करंगळीच्या बाजूचं हाड

बुधवार, २ सप्टेंबर

सुनेचा हात मोडला. डावा. प्लास्टर मीच घातलं — हाडांच्या डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं हेच तर करतेय.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं. "कसं झालं?" ती तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "पडली. पायऱ्यांवरून." नोंदवहीतही तेच लिहिलं, माझ्या अक्षरात.

माणूस पडतो तेव्हा तळहात टेकतो. मनगट जातं. हिचं मनगट धडधाकट आहे. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलंय. डोकं वाचवायला हात आडवा धरला आणि वार त्यावर झेलला की मोडतं ते हाड. आणि मुलाच्या घराला पायऱ्याच नाहीत! तळमजल्यावर राहतात.

तिथून तशीच चर्चमध्ये गेले. बायकांचा बुधवारचा बायबलचा वर्ग मीच घेते. आजचा धडा प्रेमाचा — खरं प्रेम चिडत नाही, कुणाचे अपराध मोजत बसत नाही, निमूट सोसतं. छान रंगला. वर्गातल्या टायपिस्टबाईने डोळे टिपले. निघताना तिने विचारलं, "सूनबाई दिसल्या नाहीत?" म्हटलं, "पडली बिचारी."

दिवसभरात तिसऱ्यांदा. येशूला ओळखतच नाही म्हणून पेत्रही तीनदाच खोटं बोलला होता. पण तो निदान बाहेर जाऊन रडला. मी घरी येऊन जेवले.

गुरुवार, ३ सप्टेंबर

प्रार्थनेला बसले. शब्द फुटेना. उठले आणि भांडी घासली.

रविवार, ६ सप्टेंबर

मुलगा ऑर्गनवर होता. किती सुंदर वाजवतो! सगळ्या मंडळीचा लाडका. शाळेत गणित शिकवतो, तिथेही मुलं जीव टाकतात. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. पाठीवरून काही कळत नाही.

सून नव्हती. बहिणीकडे निघून गेलीय, शुक्रवारपासून. मला आज कळलं, तेही चर्चच्या पाळकांकडून. उपासनेनंतर त्यांनी बाजूला घेतलं. माझ्या मुलाहूनही लहान आहेत. माणूस भला, मनात कपट नाही. म्हणाले, "काकू, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तुम्ही जा."

"तो हात उचलतो तिच्यावर," असं म्हणणार होते मी. म्हटलं काय? "बघते."

मंगळवार, ८ सप्टेंबर

गेले. सुनेची बहीण बेकरीत काम करते. हाताला पीठ, तशीच दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. "कशाला आलात?" मी म्हटलं, "माझ्या सुनेला भेटायला." ती म्हणाली, "सून नंतर. आधी माझी बहीण आहे ती."

सून आतून आली. हात गळ्यात अडकवलेला. मी तिला काय काय सांगितलं! क्षमा सात वेळा नाही, सत्तर गुणिले सात. बाईच्या सोसण्याने घर तरतं. त्याच्यासाठी प्रार्थना कर, तो बदलेल. एकही वाक्य अडखळलं नाही. पंचवीस वर्षं वर्ग घेतेय, तोंडपाठ आहे सगळं.

ती ऐकत होती, जमिनीकडे बघत. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून येते, आई."

एका हाताने बॅग भरत होती. चेन लागेना. ती मी लावून दिली.

बुधवार, ९ सप्टेंबर

सून घरी आली. मुलाने फुलं आणून ठेवली होती. पाळकांचा फोन — "देवाची स्तुती असो!" मला बरं वाटलं.

शनिवार, १९ सप्टेंबर

सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन. सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा सून पलंगावर होती. तीन बरगड्या. जबडा. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, त्या कानाने पुन्हा ऐकू येईल असं वाटत नाही म्हणाले.

आणि प्लास्टर. मी घातलेलं. दुभंगलेलं! प्लास्टर किती कठीण असतं ते मला माहीत आहे. ते फोडायला आमच्याकडे करवत लागते.

ती माझ्याकडे बघेना. मी तिच्या डाव्या बाजूला बसून बोलत होते. मग लक्षात आलं — या कानाने तिला ऐकूच येत नाही. उठून उजव्या बाजूला गेले. तिने तोंड डावीकडे फिरवलं.

शेजारीण म्हणाली, "ओरडली नाही हो ती. नुसता सामान पडल्याचा आवाज येत होता."

आज लिहून टाकते. वहीशी तरी खोटं कशाला! ह्यांचाही हात उठायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळेपर्यंत. मंडळीत केवढा मान होता ह्यांना! मी सोसलं. आणि सोसलं त्याला श्रद्धा म्हटलं. कधीकधी वाटतं, घाबरट होते, एवढंच. मुलगा नऊ वर्षांचा असताना दारात उभा राहून बघायचा. मी त्याला म्हणायचे, "जा, अभ्यास कर." तो गेला नाही. त्याने केला अभ्यास — तिथेच, दारात उभं राहून.

रविवार, २० सप्टेंबर

प्रभुभोजन घेतलं नाही. भाकरीचं ताट समोर आलं, पुढे सरकवलं. मागच्या बाकावर कुजबुज.

शास्त्रात स्पष्ट आहे: वेदीपाशी आल्यावर आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्या माणसाकडे जा. हा उतारा मी किती वेळा शिकवला! शिकवताना नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी तोंड डोळ्यांपुढे असायचं.

मग त्याच शुभवर्तमानातला पुढचा भाग काढला. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. नाही ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन जा. तरीही नाही तर सगळ्यांसमोर. भाऊ लिहिलंय. मुलगा असला तर काय, हे लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नसावी.

मंगळवार, २२ सप्टेंबर

एकटी गेले. तो वह्या तपासत होता. लाल पेन हातात.

"तू तिला मारलंस."

"मला राग आवरत नाही, आई. नंतर मलाच वाईट वाटतं. तुला माहीत नाही ती कशी उलट बोलते ते."

"तिचा कान गेला."

त्याने वही मिटली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "बाबांनी कधी माफी मागितली तुझी?"

"नाही."

"तू कधी घर सोडलंस?"

"नाही."

"मग आज मला कोणत्या तोंडाने सांगतेस?"

बरोबर बोलला.  म्हटलं, "ह्याच तोंडाने. दुसरं नाही माझ्याकडे." दार लावून आले. जिन्यात — नाही, जिना नाहीच तिथे. फाटकापाशी बसले.

गुरुवार, २४ सप्टेंबर

दोघांना घेऊन गेले — पाळक आणि टायपिस्टबाई. मुलगा त्या दोघांना बघताच ढसाढसा रडला. गुडघे टेकले. "मी पापी आहे" म्हणाला. पाळकांचेही डोळे भरले. त्याला उठवून छातीशी धरलं. "झालं काकू. पश्चात्ताप झाला. स्वर्गात आनंद आहे आज."

रडणं खोटं नव्हतं. आई आहे मी त्याची, कळतं. पण ह्यांनाही असंच रडू यायचं. दर वेळी.

मी म्हटलं, "जे आम्हाला सांगितलंस ते पोलिसांना सांगशील?"

तो उठून उभा राहिला. डोळे तिथल्या तिथे सुकले.

पाळक म्हणाले, "त्याची काय गरज आता? देवाने क्षमा केली."

तेवढ्यात टायपिस्टबाई! वर्गात कधी चकार शब्द न काढणारी बाई. म्हणाली, "देवाने केली असेल. पण मार तिने खाल्ला ना? तिला विचारलंत का कुणी?"

पाळकांनी मान खाली घातली. खरंच, त्यांना कुणी हा प्रश्न कधी शिकवलाच नसावा. मीही नाही.

सोमवार, २८ सप्टेंबर

सुनेने शुक्रवारी बहिणीच्या मदतीने तक्रार दिली. आज मी पोलिसांकडे गेले. जबाब दिला.

अधिकारी बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिच्यापुढे आमच्या नोंदवहीची प्रत आधीच होती. मुलाच्या वकिलाने दिलेली — म्हणजे बघा, ही आधीही पडली होती, तोल जातो हिचा! माझंच अक्षर घेऊन तो वकील माझ्याच सुनेला खोटं पाडायला निघाला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"खरं आहे?"

"नाही. खोटं आहे. लिहिताना मला माहीत होतं."

तिने लिहायचं थांबवून वर पाहिलं. "तुमच्यावरही येऊ शकतं हे, मावशी." म्हटलं, "येऊ दे." मग हाडाचं सगळं समजावून सांगितलं, स्वतःचा हात डोक्यावर आडवा धरून. ती बघत राहिली. माझा हात किती सहज वर गेला!

तिथून डॉक्टरांकडे. त्यांना सगळं सांगितलं. खुर्चीत मागे टेकले. "एक्स-रे मीही पाहिला होता," म्हणाले. मग, "पण नोंद खोटी म्हटल्यावर तुम्हाला ठेवता येणार नाही. उद्यापासून येऊ नका." खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टरच्या गुंडाळ्या नीट रचून ठेवल्या आणि निघाले. एकोणीस वर्षं!

रविवार, ४ ऑक्टोबर

मुलगा जामिनावर आहे. ऑर्गनवर तोच होता.

मी नेहमीच्या बाकावर बसले. त्या बाकावरचे सगळे एकेक करून उठले. निघताना दारात एका म्हातारीने गाठलं — ह्यांच्या आत्याची जाऊ. "आई आहेस की कसाईण? पोटच्या पोराला कुणी असं धरून देतं?"

म्हटलं, "पोटचा आहे म्हणूनच." पण आवाज फुटला नाही, ओठच हलले.

उपदेश तर ऐकूच आला नव्हता. पाळक मधेच दोनदा थांबले, कागद चाळत राहिले. शेवटच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतली. सुनेचं घेतलं नाही. आमेन म्हणायच्या आधी मात्र थांबले आणि घेतलं. ऑर्गनचा पुढचा सूर चुकला.

बुधवार, ७ ऑक्टोबर

वर्गाला कुणी आलं नाही. बावीस खुर्च्या मांडल्या होत्या. टायपिस्टबाई उशिरा आली, धापा टाकत. दोघींनी मिळून खुर्च्या परत रचल्या. धडा झाला नाही. जाताना ती म्हणाली, "मला वाटायचं तुमचं घर म्हणजे आदर्श." मी म्हटलं, "मलाही लोकांना तसंच वाटायला हवं होतं."

शनिवार, १० ऑक्टोबर

बहिणीकडे जाऊन सुनेला भेटले. या वेळी बहिणीने आत घेतलं, पण खोलीतून हलली नाही.

सुनेला म्हटलं, "मी खोटं बोलले. तुला परत आणलं. तुझा कान माझ्यामुळे गेला. माझी चूक झाली, बाळ."

 जबड्यामुळे हळू बोलते आता. मग म्हणाली, "माफी मागू नका, आई. मागितली की द्यावीच लागते, असं शिकवलंय मला. आणि माझ्याकडे ती नाहीय आत्ता."

"नको देऊस," मी म्हटलं. "मी चुकीचं शिकवलं होतं. आधी सुरक्षित राहा. क्षमेचं तू आणि देव बघा, तुमच्या सवडीने. मधे कुणी पडायचं नाही. मीसुद्धा."

तिने माझ्याकडे पाहिलं. पटलं की नाही, कळलं नाही. ज्या गोष्टी मी तिला पाच वर्षं शिकवल्या त्या अशा पाच मिनिटांत कशा निघतील?

गुरुवार, १५ ऑक्टोबर

सून परत गेली. त्याच्याकडे. काल, स्वतःहून. तक्रारही मागे घेतली. बहिणीने फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

दुपारी बॅग भरून मी त्यांच्या घरी आले. दार त्यानेच उघडलं. मी विचारलं नाही, सरळ आत गेले आणि त्यांच्या खोलीच्या दारासमोर माझी गादी टाकली. सून आतून बघत होती.

"किती दिवस राहणार आहेस?" त्याने विचारलं.

म्हटलं, "ती इथून निघेपर्यंत. नाहीतर मी मरेपर्यंत. यापुढे हात उचललास तर आधी माझ्यावर पडेल."